शिक्षकांचे विनामूल्य भांडार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या कार्यवाहांनी मला या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत गणित शिकविले, आणि संगणक आमच्या शाळेच्या दारात आला तेव्हापासून तोही शिकविला. निवृत्तीनंतर दोन सहकाऱ्यांच्या साहाय्याने संगणकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी एक संकेतस्थळ चालवितो. एक सहकारी पदार्थविज्ञानाच्या शिक्षिका आहेत, दुसरा माझाच एक माजी विद्यार्थी असून पुण्यात संगणकाच्या व्यवसायात आहे. पाठांची टाचणे, कृतिपत्रिका, प्रश्नसंच व उत्तरे असे जे काही त्यावर आहे ते कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. या कामाविषयीच बोलावे असे मी ठरविले. त्याचे कारण आत्मप्रौढी नव्हे. या कामापुढे आज एक पेच उभा आहे आणि तो आपल्यासारख्या विचारी मंडळींपुढे मांडावा, हा माझा हेतू आहे. आपल्या ज्ञातीत शिक्षकी पेशा पत्करलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना हा विषय परका वाटणार नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विद्यार्थ्यांसाठी माहिती देणारी संकेतस्थळे उदंड आहेत, मग शिक्षकांसाठी निराळे कशाला, असे मला विचारण्यात येते. विद्यार्थ्याला विषय समजावून हवा असतो. शिक्षकाला उद्या सकाळी तिसऱ्या तासाला, पस्तीस मिनिटांत, साठ मुलांपुढे काय करावयाचे हे हवे असते. या दोन गरजांत मोठे अंतर आहे. शिक्षकाला विषय ठाऊक असला तरी तो कोणत्या उदाहरणाने उघडावा, मुले कोठे अडखळतील, फळ्यावर प्रथम काय लिहावे, आणि वीज गेली तर काय, या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तक देत नाही. अनुभवी शिक्षकाच्या डोक्यात ती असतात, पण तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जातात. ती कागदावर उतरवून दुसऱ्याच्या हाती देणे, एवढाच आमच्या उद्योगाचा गाभा आहे.

वीज गेली तर काय, हे मी विनोदाने म्हटलेले नाही. २०२३-२४ च्या ‘यूडायस प्लस’ या सरकारी अहवालाप्रमाणे देशातील सुमारे ५७ टक्के शाळांत संगणक होते आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. म्हणजे संगणकच नाही अशा शाळांची संख्या अत्यंत मोठी. ज्या शाळांत तो आहे, तेथेही पुष्कळदा तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, वेतनाच्या कामासाठी, आच्छादनाखाली सुरक्षित असतो. आणि तरीही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणकीय विचारपद्धतीचा पुरस्कार केला आहे. पूर्वमाध्यमिक टप्प्यावर संगणक-आज्ञावली लिहिण्याच्या कृती असाव्यात असेही म्हटले आहे. २०२५ साली तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून इयत्ता तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचार यांचा अंतर्भाव करण्याचा मनोदय जाहीर केला. धोरण चांगले आहे. परंतु तिसरीच्या बाई काय करतील?

हा प्रश्न आपल्याच देशात उद्भवला आहे असे नाही. न्यूझीलंडमध्ये २०११ सालापासून माध्यमिक शाळेच्या शेवटच्या तीन वर्षांत, एकेका वर्षी एकेक पायरी अशा क्रमाने, संगणकशास्त्राचे नवे अभ्यासमानक लागू झाले. तेथील अनेक शिक्षक तोवर टंकलेखन व कार्यालयीन संगणकवापर शिकवीत होते. त्यांना अकस्मात क्रमलेखन आणि संगणकशास्त्राची मूलतत्त्वे शिकवावयाची होती. क्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठात तेव्हा टिम बेल नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच निकडीतून ‘कॉम्प्युटर सायन्स फील्ड गाइड’ हा ग्रंथ थेट महाजालावर, कोणालाही वाचता येईल असा, सिद्ध केला. इंग्लंडचा प्रकार असाच. २०१२ च्या जानेवारीत रॉयल सोसायटीने तेथील शालेय संगणकशिक्षणावर कठोर अहवाल प्रसिद्ध केला, आणि २०१४ च्या सप्टेंबरपासून जुना माहिती-तंत्रज्ञानाचा विषय जाऊन ‘कॉम्प्युटिंग’ हा नवा विषय पाच वर्षांच्या मुलापासून सुरू झाला. तेथेही शासनाने मोठा पैसा ओतण्यापूर्वी, २००८ साली स्थापन झालेल्या ‘कॉम्प्युटिंग ॲट स्कूल’ या मंडळातील शिक्षकांनी आपापली टाचणे परस्परांस देऊन वेळ निभावून नेली.

टिम बेल यांचे त्याहून जुने काम हे आमच्या उद्योगाचे खरे मूळ होय. इयन विटेन आणि माइक फेलोज या दोन विद्वानांसह त्यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत संगणकाविना संगणकशास्त्र शिकविण्याचे खेळ रचले. ‘कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ या नावाने त्यांचे पुस्तक १९९८ साली निघाले. पुढे सर्व सामग्री संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध झाली आणि अनेक भाषांत गेली. संगणक नसलेल्या शाळेला यापेक्षा अधिक उपयुक्त देणगी कोणती असू शकेल? त्यांतील एक-दोन खेळ मी येथे थोडक्यात सांगतो, म्हणजे संकेतस्थळावर नेमके काय असते याची कल्पना येईल.

पहिला खेळ द्विमान अंकांचा. पाच मुले फळ्यापुढे ओळीने उभी राहतात. त्यांच्या हाती अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढलेले कागद. कागद सुलटा धरला की त्यावरचे ठिपके मोजावयाचे, पालथा धरला की सोडून द्यावयाचे. आता वर्गाने सांगावे, ‘बारा’. आठ आणि चार ठिपक्यांची मुले कागद सुलटे करतात, बाकीची पालथे. ‘एकोणीस’ म्हटले की सोळा, दोन आणि एक. मुले आपली जन्मतारीख मांडून पाहतात आणि ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या एकाच रीतीने मांडता येते, दोन रीतींनी कधीच येत नाही, हे त्यांचे त्यांनाच कळून येते. संगणकाच्या पोटात शून्य आणि एक यांशिवाय दुसरे काही नाही, हे वाक्य मग पाठ करावे लागत नाही.

हा खेळ आम्ही मराठीत आणला तेव्हा त्यास आपल्या घरची एक जोड मिळाली. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींनी शाळेत वृत्ते शिकताना ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र घोकले असेल. लघु आणि गुरू अशी दोनच चिन्हे. तीन अक्षरांचा एक गण. तेव्हा गण होतात आठ, सात नव्हेत की नऊ नव्हेत. का? कारण दोन, गुणिले दोन, गुणिले दोन. लघूला शून्य माना, गुरूला एक माना. न गण म्हणजे तीन शून्ये, म गण म्हणजे तीन एक. छंदःशास्त्रकार पिंगलाने लघु-गुरूंचे सर्व प्रकार क्रमाने मांडण्याची, म्हणजे प्रस्ताराची, जी रीत सांगितली ती हीच. त्या सूत्राची आणखी एक गंमत अशी की, त्यातील कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे घ्या, त्यांत एक गण सापडतो. ‘यमाता’ हा य गण, ‘मातारा’ हा म गण, असे करीत ‘सलगा’ या स गणापर्यंत आठही गण दहा अक्षरांत एकेकदाच येऊन जातात. आधुनिक गणितात अशा रचनेला डच गणिती द ब्राउन यांचे नाव आहे. आमच्या कृतिपत्रिकेवर हे दहा अक्षरांचे सूत्र आहे आणि त्याखाली आठ रिकाम्या चौकटी आहेत. ही कृतिपत्रिका वापरण्यास मराठीचे शिक्षकही पुढे आले, याचे मला विशेष समाधान वाटते. संगणकाचा तास आणि व्याकरणाचा तास यांमधली भिंत इतकी पातळ असेल, असे आम्हांसही वाटले नव्हते.

दुसरा खेळ जादूचा. एका मुलाने पाच ओळींत पाच-पाच कागदाचे तुकडे, काही रंगीत बाजू वर आणि काही कोरी बाजू वर असे, मनास येईल तसे मांडावयाचे. ‘हे फार सोपे होते, थोडे कठीण करू,’ असे म्हणत शिक्षक प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात सहावा तुकडा ठेवतो. मग तो पाठ फिरवितो. मुलाने कोणताही एकच तुकडा उलटावा. शिक्षक वळतो आणि क्षणात तोच तुकडा दाखवितो. मुले थक्क होतात. युक्ती अशी की, सहावा तुकडा ठेवताना प्रत्येक ओळीतील व स्तंभातील रंगीत तुकड्यांची संख्या सम होईल एवढीच काळजी शिक्षकाने घेतलेली असते. एक तुकडा उलटला की एक ओळ व एक स्तंभ विषम होतो. ते दोन जेथे छेदतात तेथे चूक. माहिती तारेतून जाताना बिघडली तर ती ओळखावी कशी, याचे हे बीज आहे. आपल्या आधार क्रमांकातील बारावा अंकही अशाच तपासणीसाठी असतो, जरी त्याची रीत, जिला व्हेरहोफची रीत म्हणतात, याहून बरीच गुंतागुंतीची आहे. एक अंक चुकीचा लिहिला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर यंत्राला ते कळते.

या खेळास मूळ पुस्तकात दोन बाजूंस दोन रंग असलेले पुठ्ठे सुचविले आहेत. खेड्यातील एका शिक्षिकेने आम्हांस कळविले की, लग्नसराई संपली की प्रत्येक घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात. त्या एका बाजूस रंगीत, दुसऱ्या बाजूस कोऱ्या असतात. कापल्या की काम झाले. आज आमच्या टाचणात ‘साहित्य’ या मथळ्याखाली ‘जुन्या लग्नपत्रिका’ असेच छापलेले आहे. संकेतस्थळ चालविण्याचा खरा लाभ मला येथे दिसतो. आपण एक पाठ बाहेर पाठवितो, आणि तो शंभर वर्गांत वापरला जाऊन, घासून-पुसून, अधिक शहाणा होऊन परत येतो. मात्र त्यासाठी पत्रांना उत्तरे द्यावी लागतात. आणि पत्रांना उत्तरे देणे हेच या कामातील सर्वांत वेळखाऊ प्रकरण आहे, याची कल्पना बाहेरच्यांस नसते.

आपल्या देशातही हे कार्य करणारी थोर मंडळी आहेत. त्यांचा उल्लेख केला नाही तर तो कृतघ्नपणा होईल. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम उभा राहिला. त्यातील छोटे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. त्याच संस्थेतील प्राध्यापक श्रीधर अय्यर यांनी शाळांसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पुस्तकमाला केली आणि ती विनामूल्य उपलब्ध करून दिली. एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०१६ साली ‘सीएस पाठशाला’ सुरू केली. तिच्या पाठयोजना विनामूल्य आहेत, आणि पुण्यातील कार्यकर्त्यांचा त्यात मोठा वाटा आहे. २००४ साली लिथुएनियात जन्मलेली ‘बेब्रास’ नावाची कोड्यांची स्पर्धा भारतात हीच मंडळी भरवितात. बेब्रास म्हणजे त्या भाषेत बीव्हर हा उद्योगी प्राणी. आमचे संकेतस्थळ या सर्वांपुढे खेड्यातल्या वाचनालयाएवढे आहे. पण खेड्यातल्या वाचनालयाचेही काम असतेच.

आता पैशाचा प्रश्न. विनामूल्य याचा अर्थ बिनखर्ची असा नव्हे. संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक नूतनीकरण असते, ते ज्या यंत्रावर ठेवावयाचे त्याचे भाडे असते. तथापि हा खर्च मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यातला आहे. एखाद्या कुटुंबाच्या दिवाळीच्या फराळात तो सामावतो. खरा खर्च वेळेचा आहे. एक चांगली कृतिपत्रिका तयार होऊन, दोन वर्गांत वापरून पाहून, दुरुस्त होऊन चढावयास आम्हां तिघांचे मिळून पुष्कळ रविवार जातात. जाहिराती घ्याव्यात असे सुचविण्यात आले होते. आम्ही त्या घेतल्या नाहीत. शिक्षक वर्गात पडद्यावर पाठ दाखवीत असता शेजारी कर्जाची किंवा जुगाराची जाहिरात झळकावी, हे आम्हांस मान्य नव्हते. आणि कोणती जाहिरात झळकावी हे संकेतस्थळ चालविणाऱ्याच्या हाती पूर्णपणे नसते.

याहून कठीण प्रसंग दुसराच आला. काही वर्षांपूर्वी एका खाजगी शिकवणी वर्गाने आमच्या कृतिपत्रिका उतरवून घेतल्या, त्यांवरील आमचा नामनिर्देश काढून टाकला, सुबक बांधणीचे पुस्तक केले आणि विद्यार्थ्यांना ते किंमत लावून विकले. त्या पुस्तकाची प्रत माझ्या हाती एका पालकानेच आणून दिली. आमच्या पदार्थविज्ञानाच्या बाई अत्यंत संतप्त झाल्या. यापुढे सर्व सामग्री परवलीच्या शब्दाच्या कुलुपात ठेवावी आणि शिक्षकाने शाळेचे ओळखपत्र पाठविल्यावरच ती द्यावी, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांचा संताप सर्वस्वी न्याय्य होता.

या ठिकाणी परवान्यांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कायद्याप्रमाणे कोणतेही लेखन लेखकाच्या हक्काचे असते. त्याने काही न म्हटले तर दुसऱ्याला ते छापता येत नाही. ते इतरांनी वापरावे अशी लेखकाचीच इच्छा असेल तर तसे स्पष्ट लिहून द्यावे लागते. यासाठी २००१ साली अमेरिकेत ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही संस्था निघाली आणि २००२ च्या डिसेंबरात तिचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. त्यांचे अनेक प्रकार आहेत. एकात लेखकाचे नाव दिले की पुरे. दुसऱ्यात अशी अट असते की, फेरफार करून जे तयार होईल तेही त्याच मोकळ्या अटींवर पुढे दिले पाहिजे. तिसऱ्यात धंद्यासाठी वापर निषिद्ध असतो. वरवर पाहता हा तिसरा प्रकार शिक्षकांच्या कामास सर्वांत योग्य वाटतो. आम्हीही त्याचा विचार केला. परंतु धंदा म्हणजे काय? शाळेने झेरॉक्सच्या खर्चापुरते दोन रुपये मुलांकडून घेतले तर तो धंदा काय? विनाअनुदानित शाळा शुल्क घेते, तिचे काय? गावातल्या झेरॉक्सवाल्याने आमच्या पत्रिकांचे दहा संच करून दुकानात ठेवले, तर तो शिक्षकांची सोयच करतो. या प्रश्नांना भिऊन पापभीरू शिक्षक सामग्री वापरणेच सोडतो, आणि ज्याला नामनिर्देश पुसावयाचा असतो तो कोणताही परवाना असला तरी पुसतोच. म्हणून आम्ही दुसरा प्रकार स्वीकारला. न्यूझीलंडच्या ‘अनप्लग्ड’चे आजचे संकेतस्थळही याच अटींवर आहे. त्या शिकवणी वर्गाला आम्ही लिहिले ते एवढेच की, विका, परंतु नाव घाला आणि हे मूळ कोठे विनामूल्य मिळते तेही छापा. उत्तर आले नाही. पुढील आवृत्तीत मात्र शेवटच्या पानावर, बारीक टाइपात का होईना, आमच्या संकेतस्थळाचे नाव आले. बाईंचा राग अजून पुरता गेलेला नाही.

कुलूप न लावण्यास आणखी एक कारण होते. रात्री अकरा वाजता, घरातील सर्व कामे आटोपून, हातातल्या दूरध्वनीवर उद्याचा पाठ शोधणारी शिक्षिका ही आमची खरी ग्राहक आहे. तिला ओळखपत्र पाठवावयास सांगून दोन दिवस थांबविले, तर तिचा तिसरा तास निघून गेलेला असतो. आम्ही फक्त उत्तरपत्रिकांपुरता अपवाद करून पाहिला होता, कारण काही शिक्षकांची तक्रार होती की विद्यार्थीच उत्तरे उतरवून घेतात. तो प्रयोग आम्ही एका सत्रानंतर बंद केला. आज उत्तरे उघडी आहेत. त्याऐवजी प्रत्येक पत्रिकेच्या अखेरीस असा एक प्रश्न ठेवतो की ज्याचे उत्तर प्रत्येक मुलाचे निराळे येते: आपल्या घरापासून शाळेपर्यंतची वाट आज्ञांच्या रूपाने लिहा, आपल्या गावातील सहा वाड्या कमीत कमी नळ घालून पाण्याच्या टाकीशी जोडा. हा नळाचा प्रश्नही मोठ्या घराण्यातला आहे. १९२६ साली ओतकार बोरूव्का या चेक गणितज्ञाने मोराव्हिया प्रांतात विजेच्या तारांचे जाळे कमीत कमी खर्चात कसे पसरावे याचा विचार करताना तो सोडविला होता.

माझ्या मते या कामातील सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे जुने नीट ठेवणे. नवे चढविण्यात उत्साह असतो. जुने दुरुस्त करण्यात नसतो. ‘फ्लॅश’ नावाच्या साधनावर जगभर हजारो शैक्षणिक चलच्चित्रे व खेळ तयार झाले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या साधनाचा आधार संपला आणि त्यांतील बहुतेक खेळ लवकरच मुके झाले. १ जानेवारी २०२० रोजी पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल थांबली. तिच्यात लिहिलेल्या पाठांतील अगदी पहिली ओळ, जी पडद्यावर ‘नमस्कार’ छापते, तीही तिसऱ्या आवृत्तीत कंसांवाचून चालत नाही. नवशिक्या शिक्षकाने ती ओळ जशीच्या तशी फळ्यावर लिहावी, यंत्राने चूक दाखवावी, आणि चाळीस मुलांसमोर त्या शिक्षकाने ओशाळे व्हावे, हे ज्याने पाहिले आहे त्याला जुन्या पत्रिका तपासण्याचे महत्त्व पटते.

मराठीची तर स्वतंत्र कथा आहे. युनिकोडपूर्व काळात देवनागरीचे प्रत्येक टंकसंच आपापल्या मर्जीप्रमाणे अक्षरांची जागा ठरवीत असे. एका यंत्रावर ‘संगणक’ असे दिसणारे दुसऱ्या यंत्रावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा चिवडा होई. अनेक शिक्षकांनी कष्टाने केलेले लेखन अशा टंकांत आजही अडकलेले आहे, आणि ते आमच्याकडे आले की प्रथम त्याची सोडवणूक करावी लागते. युनिकोड आल्यावरही ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांतील भेद नीट छापला जातो की नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. न पाहिल्यास स्वयंपाक्याच्या जागी पंडिताला आमंत्रण जाण्याचा संभव असतो! परिभाषेचा वाद तर संपणाराच नाही. ‘संगणक’ सर्वांनी स्वीकारला, ‘आज्ञावली’ पुष्कळांनी; परंतु ‘अल्गोरिदम’ला प्रतिशब्द वापरला की शिक्षक विचारतात, हे काय? आणि न वापरला की भाषाप्रेमी विचारतात, हे काय? आमचा साधा नियम असा की, पाठ्यपुस्तकात जो शब्द असेल तो घ्यावा, आणि नसेल तेथे वर्गात जो शब्द ऐकू येतो तो घ्यावा. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला सांगितले की ते क्षणार्धात कृतिपत्रिका करून देते, मग तुमची गरज काय, असेही विचारतात. ती यंत्रे मी वापरतो. कच्चा मसुदा ती बरा करतात. पण सहावीतल्या मुलाला ते वाक्य कळते की नाही, आणि तो खेळ पस्तीस मिनिटांत बसतो की नाही, हे वर्गात उभे राहूनच कळते.

आता ज्या पेचाचा मी आरंभी उल्लेख केला त्याकडे येतो. माझे वय झाले आहे. बाईंची सेवानिवृत्ती जवळ आली आहे. पुण्याचा आमचा तरुण सहकारी परदेशी जाण्याच्या बेतात आहे. संकेतस्थळाच्या नावाचे शुल्क ज्या वर्षी भरले जाणार नाही, त्या वर्षी ते नाव मोकळे होते आणि कोणीही ते विकत घेऊ शकतो. बंद पडलेल्या चांगल्या संकेतस्थळांची नावे टिपून घेऊन त्यांवर जुगाराची किंवा फसवणुकीची दुकाने उघडणारे लोक आहेत, हा महाजालावरचा नित्याचा व्यवहार आहे. शेकडो शाळांच्या फलकांवर, टाचणवह्यांत आणि त्या शिकवणी वर्गाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरही आमचे नाव छापलेले आहे. आम्ही गेल्यानंतर एखादी शिक्षिका रात्री अकरा वाजता ते नाव टंकलिखित करील तेव्हा तिच्यापुढे काय उघडेल, या विचाराने मला झोप लागत नाही, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

काही तजवीज आम्ही केली आहे. परवाना मोकळा असल्यामुळे सर्व सामग्रीची प्रत कोणीही ठेवू शकतो, आणि आम्ही स्वतः तशा प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. १९९६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या विशाल ग्रंथसंग्रहातही एक प्रत आहे. तेव्हा लेखन नष्ट होणार नाही. नाव मात्र कोणीतरी सांभाळले पाहिजे, आणि पत्रांना उत्तरे देण्यास कोणीतरी हवे. एखाद्या मोठ्या संस्थेच्या स्वाधीन करावे, असा सल्ला मिळाला. दोन ठिकाणी बोलणीही झाली. एका ठिकाणी सर्व सामग्री त्यांच्या सभासदांपुरती बंद करण्याची अट पडली, दुसऱ्या ठिकाणी सहा महिने कागदपत्र फिरून विषय मागे पडला. आपल्या मंडळाने हा भार उचलावा, अशी सूचना आपल्यापैकीच एका सद्गृहस्थांनी प्रेमाने केली; त्यांचा मी ऋणी आहे. त्यावर माझे म्हणणे एवढेच की, मंडळाने तो उचलला तर संकेतस्थळ आज जसे कोणत्याही शाळेतल्या, कोणत्याही शिक्षकाला, नाव-गाव न विचारता उघडे आहे तसेच ते राहील, असा ठराव प्रथम व्हावा. असा ठराव करण्यास कार्यकारिणीला अडचण असेल तर मला मुळीच वाईट वाटणार नाही. मग आम्ही दुसरा मार्ग पाहू.

कार्यकारिणीचा निर्णय काहीही होवो, माझी आपणांपाशी जी मागणी आहे ती पैशाची नाही. पाच-सहा कार्यरत शिक्षक हवेत, जे वर्षातून दोन पत्रिका स्वतःच्या वर्गात वापरून पाहतील आणि कोठे गाडी अडली ते लिहून कळवतील. एखादा तरुण किंवा तरुणी हवी, जिला संकेतस्थळाची यांत्रिक बाजू कळते आणि महिन्यातला एक रविवार देता येतो. आणि मराठी शुद्ध लिहिणारे, मुद्रितशोधनाची सवय असलेले एक निवृत्त गृहस्थ किंवा गृहिणी मिळाल्यास सोन्याहून पिवळे. संकेतस्थळाच्या नावाचे पुढील नूतनीकरण मार्च महिन्यात आहे. त्यापूर्वी जबाबदारी लिहून दिली-घेतली गेली तर बरे. आमच्या पदार्थविज्ञानाच्या बाई आज अगत्याने येथे आल्या आहेत आणि भोजनानंतर ग्रंथालयाच्या खोलीत थांबणार आहेत. त्यांच्याजवळ पत्रिकांचे छापील संच आहेत, एक नोंदवही आहे, आणि जादूच्या खेळासाठी कापून आणलेल्या लग्नपत्रिकाही आहेत. मुलांना अवश्य बरोबर घेऊन जावे.